माफक दरात बंड करून मिळेल

मानधन या शब्दाचे दोन तुकडे होतात, मान आणि धन. हेडक्लार्कांच्या बँडला सहा वर्षांत त्यातला पहिलाच तुकडा मिळाला होता, आणि तोही दर वेळी मिळाला म्हणणं म्हणजे जरा जास्तच झालं. एकेचाळीस कार्यक्रम झाले होते. त्यात सतरा लग्नं, बाकी वाढदिवस, निरोप समारंभ आणि एका लाँड्रीचं उद्घाटन. बदल्यात भिंतीवरची नऊ घड्याळं, फुलांचे गुच्छ आणि सगळ्यांचं आटोपल्यावर उरलेलं जेवण. लाँड्रीवाल्याने तर तेही दिलं नाही. त्याने चार शर्ट फुकट इस्त्री करून देईन म्हणून सांगितलं आणि तीन परत केले.

पैशाचा विषय काढला की समोरचा माणूस हमखास हेडक्लार्कांच्या खांद्यावर हात टाकायचा आणि म्हणायचा, "अहो, तुम्ही काय परके आहात? तुम्ही तर आपलेच!" हा 'आपलेच' फार वाईट शब्द. परक्याला लोक घासाघीस करून का होईना, पैसे देतात. आपल्या माणसाला घड्याळ देतात. आपलेच दात आणि आपलेच ओठ, मग तक्रार तरी कुणाकडे करायची? हेडक्लार्क निमूटपणे घड्याळ घेऊन घरी येत. नऊ घड्याळं नऊ वेगवेगळ्या वेळा दाखवत. त्यातल्या त्यात लाजेची गोष्ट ही की हेडक्लार्क वजनमापे कार्यालयात नोकरीला होते.

बँड चौघांचा. हेडक्लार्क अकॉर्डियन वाजवत. गिटारवर दातांचे डॉक्टर होते. दाढ उपटतानाही ते पायाने ठेका धरत, त्यामुळे त्यांच्याकडची गर्दी ओसरत चालली होती आणि सरावाला वेळ मिळत होता. गाणं म्हणायला गणिताच्या बाई होत्या. त्या घरी शिकवण्या घेत आणि गाताना बोटांवर मात्रा मोजत. चुकल्या तर गाणं थांबवून पुन्हा पहिल्यापासून म्हणत, कारण पायऱ्या गाळल्या की मार्क जातात असं त्यांचं ठाम मत होतं. ड्रमवर हेडक्लार्कांचा मेहुणा. तो दारोदार फिरून पाणी शुद्ध करायची यंत्रं विकत असे. विकली किती हा प्रश्न घरात कुणी विचारत नसे.

वजनमापे कार्यालयाचं काम म्हणजे दुकानदारांचे तराजू, वजनं आणि मीटरपट्ट्या तपासून प्रमाणपत्र देणं. त्यासाठीचे अर्ज हेडक्लार्कांच्या खिडकीत येत. खिडकीला दुधी काच होती आणि खाली वीतभर फट. फटीतून अर्ज आत जाई आणि लाल पेन्सिलीची वर्तुळं घेऊन बाहेर येई. वर्तुळ तराजूवर कधीच नसे. ते असे एखाद्या राहून गेलेल्या अनुस्वारावर. खाली ठरलेला शेरा: 'त्रुटींची पूर्तता करून फेरसादर करावे.' तीस वर्षांत बाहेरच्या जगाने हेडक्लार्कांचा फक्त उजवा हात पाहिला होता. कार्यालयातली पोरंसोरं त्यांना पाठीमागे 'अनुस्वार' म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

तर असा हा सुखाचा संसार चालला असताना एके दिवशी बायको म्हणाली, "अहो, मागची खोली मला हवी आहे."

मागच्या खोलीत बँडचा सराव चाले. "कशाला?" हेडक्लार्क म्हणाले.

"शिवणवर्ग काढतेय. सहा बायका तयार आहेत. आगाऊ फी द्यायला तयार आहेत."

'आगाऊ फी' हे दोन शब्द हेडक्लार्कांच्या वर्मी लागले. सहा वर्षं रियाज करून जे साधलं नाही ते बायकोने अजून सुईत दोरा न ओवता साधलं होतं. ते म्हणाले, "बँडलाही पैसे मिळतील. जरा थांब."

"किती थांबू? आणि तोंडी नको. तुम्ही कुणाचं तोंडी ऐकता का? लिहून द्या."

मग हेडक्लार्कांनी समास सोडून, शुद्ध भाषेत, करार लिहिला: 'या महिन्याच्या अखेरपर्यंत एखाद्या परक्या इसमाने स्वखुशीने रोख मानधन देऊन बँडचा कार्यक्रम ठरवल्यास मागील खोली बँडकडे राहील, अन्यथा तीत शिवणवर्ग भरेल.' 'परक्या' हा शब्द त्यांनी मुद्दाम घातला. उद्या डॉक्टरांनी मित्रप्रेमाने स्वतःच्या खिशातून पैसे काढले तर ती लबाडी झाली असती, आणि हेडक्लार्क लबाडी करत नसत. बायकोने कागद वाचला, घडी घातली आणि सुयांच्या डब्यात ठेवला. महिना संपायला बावीस दिवस होते.

मेहुण्याला हे कळताच तो फुलून आला. "भावजी, आपला माल उत्तम आहे. जाहिरात नाही, म्हणून अडलंय."

त्याच्या सांगण्यावरून प्रथम सरावाचं चित्रीकरण करून ते इंटरनेटवर टाकलं. आठ दिवसांत ते सत्तावीस वेळा पाहिलं गेलं. त्यातल्या एकोणीस वेळा हेडक्लार्कांनीच पाहिलं होतं, आणि दर वेळी स्वतःची बाजू जरा वरचढ वाटली होती. मग डॉक्टरांनी दवाखान्यात बँडचं रेकॉर्डिंग लावून ठेवलं. त्याचा परिणाम इतकाच झाला की पुढे एका लग्नात बँडने पहिलं गाणं सुरू करताच पाहुण्यांतल्या तिघांनी गालावर हात ठेवला.

समोरच्या घरातले काका पोस्टातून निवृत्त झालेले. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, म्हणून ते स्वतः सल्ला द्यायला आले. "पत्रकं छापा," ते म्हणाले. "छापलेल्या कागदाला वजन असतं. आमच्या काळी माणसं छापील पत्राला उभं राहून उत्तर देत." उत्तर देताना उभं कशाला राहायचं हे कुणाला कळलं नाही, पण पत्रकं छापायचं ठरलं.

मजकुरावर मागच्या खोलीत तीन तास खल झाला. मेहुण्याला मथळा हवा होता, 'आता गप्प बसणार नाही!' हेडक्लार्कांना तो उर्मट वाटला. बाईंनी मतं मोजली आणि तीन विरुद्ध एक असा तो मंजूर झाला. पुढच्या वाक्यावर मात्र गाडी अडली. मेहुण्याने लिहिलं होतं, 'घरपोच बँड करून मिळेल.'

"बँड करतात का? बँड वाजवतात," हेडक्लार्क म्हणाले.

"मग काय छापू, भावजी? 'माफक दरात तुमचा बँड वाजवून मिळेल'? लोक पोलिसात जातील."

हा मुद्दा बिनतोड होता. 'करून मिळेल' कायम झालं. येत्या रविवारी सार्वजनिक बागेतल्या खुल्या रंगमंचावर नमुन्यादाखल एक फुकट कार्यक्रम करायचा, हेही त्यातच घातलं.

आता मुद्रिताकडे वळू, कारण पुढचा सगळा घोळ तिथला आहे. छापखान्यातून पहिलं मुद्रित, म्हणजे तपासायची कच्ची प्रत, आलं. छापखानेवाल्याने सगळीकडे 'बॅन्ड' असं छापलं होतं, चंद्र आणि खाली अर्धा न. हेडक्लार्कांना असा अर्धा न दिसला की खाज सुटत असे. त्यांनी लाल पेन्सिल काढली, चारही ठिकाणचे अर्धे न खोडले आणि त्यांच्या जागी डोक्यावर एकेक ठसठशीत टिंब दिलं. 'सेवानिवृत्ती'ची शेवटची वेलांटी दीर्घ केली. दोन स्वल्पविराम घातले. मग सही करून मुद्रित परत पाठवलं. त्या रात्री त्यांना शांत झोप लागली.

पत्रकं परस्पर पेपरवाल्याकडे गेली आणि गुरुवारी सकाळी पेपरात घालून गावभर वाटली गेली. हेडक्लार्कांनी सवयीप्रमाणे लाल पेन्सिल घेऊन पेपर उघडला. पत्रक खाली पडलं. त्यांनी ते उचललं आणि वाचलं:

'आता गप्प बसणार नाही! लग्न, वाढदिवस, सेवानिवृत्ती व इतर घरगुती प्रसंगी माफक दरात घरपोच बंड करून मिळेल. अनुभवी माणसे. जुन्या व नव्या, दोन्ही पद्धतींचे बंड. नमुना म्हणून येत्या रविवारी सायंकाळी पाच वाजता सार्वजनिक बागेत मोफत बंड. एकदा बंड कराल तर पुन्हा पुन्हा कराल! सहकुटुंब या.' खाली हेडक्लार्कांचा फोन नंबर.

चहाची बशी कलंडली. बायकोने पत्रक वाचलं आणि ती स्वयंपाकघरात गेली. तिथून बराच वेळ भांडी पडल्यासारखा आवाज येत होता. ती हसत होती.

हेडक्लार्क तसेच छापखान्यात गेले. "अहो, हा 'ध'चा 'मा' केलात तुम्ही! चंद्र कुठे गेला?"

छापखानेवाल्याने शांतपणे मुद्रित पुढे सरकवलं. अर्धा न खोडताना हेडक्लार्कांच्या पेन्सिलीचं शेपूट चारही ठिकाणी वर चंद्रापर्यंत गेलं होतं. "तुम्हीच उडवलात," तो म्हणाला. "मला वाटलं, अनुस्वार तुम्ही दिलाय म्हणजे बरोबरच असणार. माझा तराजूचा अर्ज तुमच्याच कार्यालयात पडून आहे. तिथला हात असाच अनुस्वार देतो."

जन्मभर ज्याने दुसऱ्यांची टिंबं मोजली त्याचा चंद्र गेला होता. ही गोष्ट हेडक्लार्कांनी घरी कुणाला सांगितली नाही. 'यंत्रात बिघाड' एवढंच सांगितलं.

नऊच्या सुमारास फोन सुरू झाले. पहिला फोन दबक्या आवाजातल्या एका बाईंचा. "घरपोच म्हणजे तुम्ही किती वाजता येता? सासूबाई दुपारी चार ते पाच झोपतात. त्या वेळेत उरकेल का?" दुसऱ्या गृहस्थांना पुढच्या महिन्यात निवृत्त व्हायचं होतं. "सेवानिवृत्तीचं बंड निवृत्त झाल्यावर केलं तर चालतं ना? आधी करायची छाती होत नाही हो." एका तरुणाने विचारलं की लग्नातलं बंड नवरदेवाला स्वतः करावं लागतं की तुमची माणसं करतात, आणि लग्न परवावर आलं असेल तर उशीर झाला का. एकाची अडचण 'सहकुटुंब या' ही होती. "कुटुंबाला घेऊन कसा येऊ?" तो म्हणाला. "तिच्याविरुद्धच तर करायचंय!"

हेडक्लार्क प्रत्येकाला समजावून सांगत होते. "बंड नाही, बँड! वर चंद्र आहे!" त्यावर पलीकडचा माणूस आवाज खाली आणून म्हणे, "समजलो. फोनवर बोलायचं नाही. रविवारी येतो."

बागेच्या मंचाला परवानगी लागते, म्हणून शुक्रवारी ते उद्यान विभागात गेले. तिथल्या कारकुनाने पत्रक उलटसुलट करून पाहिलं आणि परत केलं. "याला परवानगी मिळणार नाही."

"का?"

"बंडाला परवानगी नसते. परवानगी घेऊन केलं तर ते बंड कसलं?"

"अहो, हा बँड आहे. संगीत आहे."

"मग तसं लिहून आणा. इथे बंड लिहिलंय. मी लिहिलंय तेच वाचणार. तुम्ही सांगाल ते वाचायला लागलो तर कार्यालय कशाला हवं?"

हे वाक्य हेडक्लार्कांचंच होतं. गेली तीस वर्षं ते हेच वाक्य दुधी काचेआडून बोलत आले होते. ते ऐकायला कसं लागतं हे त्यांना पहिल्यांदा कळलं, आणि अजिबात आवडलं नाही. त्यांनी नवा अर्ज केला. कारकुनाने त्यातही एक चूक काढली. चूक बरोबर होती. ती दुरुस्त केल्यावर परवानगी मिळाली.

कार्यालयात परतले तर मोठ्या साहेबांनी बोलावलेलं. टेबलावर तेच पत्रक होतं. "सरकारी नोकर बंड करतो?" साहेब गरजले. "तेही माफक दरात?"

हेडक्लार्कांनी चंद्राची कथा सांगितली. साहेबांचा चेहरा हळूहळू सैल झाला. "म्हणजे तुमचा बँड आहे? खरा? मग हे आधी नाही सांगायचं? आमच्या मुलीचं लग्न आहे दोन महिन्यांनी." ते उठले, टेबलाला वळसा घालून आले आणि त्यांनी हेडक्लार्कांच्या खांद्यावर हात टाकला. हेडक्लार्कांनी डोळे मिटले. "तुम्ही तर काय," साहेब म्हणाले, "आपलेच!"

रविवारी पाच वाजता बागेत पाय ठेवायला जागा नव्हती. पंधरा श्रोते आणि दोन कुत्री एवढीच ज्यांची आजवरची कमाई, त्या चौघांसमोर आठशे माणसं उभी होती आणि सगळी संतापलेली होती. कुणाच्या नळाला पाणी येत नव्हतं, कुणाचा घरमालक जिना दुरुस्त करत नव्हता. कोपऱ्यात दोन पोलीस उभे होते. दबक्या आवाजातल्या बाई आल्या होत्या, आणि तीन रांगा पलीकडे त्यांच्या सासूबाईही स्वतंत्रपणे आल्या होत्या.

बँडने पहिलं हळुवार गाणं सुरू केलं. दोन ओळींत लोक ओरडू लागले, "गाणी कसली म्हणता? मुद्द्याचं बोला!" डॉक्टरांच्या गिटारची तार तुटली. मेहुणा ड्रमच्या मागे खाली वाकला. तेवढ्यात पहिल्या रांगेतला एक म्हातारा तीनतीनदा ओरडला, "नळाला पाणी नाही!" गणिताच्या बाईंनी सवयीने बोटं मोजली. "आठ मात्रा," त्या म्हणाल्या. "बरोबर बसतंय." आणि त्यांनी तेच सुरात म्हटलं. मेहुण्याने ठेका दिला. आठशे माणसांनी ती ओळ उचलली. मग जिन्याची ओळ आली, मग रस्त्याची. अकॉर्डियनचा भाता असा कधी हलला नव्हता. पोलिसांपैकी एकाने 'बदली होत नाही' ही ओळ दिली, ती फार रंगली.

कार्यक्रम संपल्यावर एक जाडजूड गृहस्थ मंचामागे आले. कापडाचे व्यापारी होते आणि दुकानदारांच्या संघाचे पुढारी. त्यांनी खिशातून एक पाकीट काढलं. "उद्या सकाळी अकरा वाजता आमचा मोर्चा आहे. दर सांगा. आगाऊ देतो."

हेडक्लार्कांनी सहा वर्षं मनात घोळवलेला आकडा सांगितला. कापडवाल्याने घासाघीस न करता तो मोजून दिला. परका माणूस, स्वखुशीने, रोख! हेडक्लार्कांनी पाकीट घट्ट धरलं.

"मोर्चा कुठे आहे?" बाईंनी विचारलं.

"वजनमापे कार्यालयावर. आठ महिने आमची प्रमाणपत्रं अडलीत. तिथे खिडकीतून एक हात येतो हो, लाल पेन्सिल धरलेला. एका टिंबासाठी अर्ज परत करतो. माणूस आहे की खवीस, देव जाणे. त्या हाताविरुद्ध वाजवायचं."

डॉक्टर, बाई आणि मेहुणा, तिघांनी हेडक्लार्कांकडे पाहिलं. हेडक्लार्कांनी स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं. त्यात पाकीट होतं.

कला वेगळी आणि कार्यालय वेगळं, असं त्यांनी रात्रभर स्वतःला समजावलं. अर्ज अशुद्ध होते हे खरं. लोक चिडले होते हेही खरं. दोन्ही बाजूंना न्याय द्यायचा तर दोन्हीकडे हजर राहणं भागच होतं. सोमवारी त्यांनी अर्ध्या दिवसाच्या किरकोळ रजेचा निर्दोष अर्ज लिहिला आणि मोठ्या साहेबांनी मुलीच्या लग्नाकडे डोळा ठेवून तो मंजूर केला.

अकरा वाजता दोनशे दुकानदार फाटकाशी जमले. बाईंनी सात मात्रांची नवी ओळ बसवली होती: 'एका टिंबासाठी आठ महिने!' चाल हेडक्लार्कांनी स्वतः लावली होती, आणि मत्सराने जळणाऱ्या माणसालाही कबूल करावं लागलं असतं की ती त्यांची आजवरची सर्वांत चांगली चाल होती. स्वतःविरुद्ध का होईना, माणसाने मनापासून काहीतरी केलं की ते दिसतंच. शिपाई जिन्यात उभा राहून तोंडात रुमाल कोंबत होता.

"त्या हेडक्लार्कला बोलवा!" कापडवाला ओरडला. "निवेदन घ्या म्हणावं!"

हेडक्लार्क मेहुण्याच्या कानात म्हणाले, "पट्टा सैल झालाय," आणि अकॉर्डियन त्याच्या गळ्यात अडकवून मागच्या जिन्याने वर धावले. धापा टाकत खुर्चीत बसले. फटीतून निवेदन आत आलं. ते वाचायची खरं तर गरज नव्हती, चाल लावताना त्यांनी मागण्या ऐकल्याच होत्या. पण पहिल्याच ओळीत 'दुकानदारांच्या'वर अनुस्वार नव्हता. हात आपोआप हलला. तीन वर्तुळं, खाली शेरा, आणि कागद बाहेर. मग पुन्हा मागचा जिना, अकॉर्डियन गळ्यात, आणि ते रस्त्यावर आले तेव्हा कापडवाला कागद फडकवत होता.

"बघा! निवेदनसुद्धा परत! साहेब, उद्या पुन्हा या. हेच घ्या." दुसरं पाकीट.

मंगळवारी कापडवाला शहाणा झाला होता. त्याने सुरुवातीलाच हेडक्लार्कांना बाजूला घेतलं. "तुम्ही शिकलेले दिसता. हे निवेदन जरा तपासून द्या ना." हेडक्लार्कांनी रस्त्यावर उभं राहून, अकॉर्डियनवर कागद टेकवून, ते अगदी प्रामाणिकपणे तपासलं. सात चुका दुरुस्त केल्या. अर्ध्या तासाने तोच कागद वर खिडकीत त्यांच्या हाती आला. एकही अनुस्वार चुकलेला नव्हता. पण लाल पेन्सिलीने गिचमिड झालेली. त्यांनी शेरा मारला: 'खाडाखोड आहे. स्वच्छ प्रत जोडून फेरसादर करावे.' नियम म्हणजे नियम. तिसरं पाकीट बुधवारी देतो म्हणून कापडवाल्याने सांगितलं.

घरी मेहुणा उड्या मारत होता. "भावजी, हे असंच चालू ठेवा. तुम्ही वर अडवायचं, आपण खाली वाजवायचं. निवृत्तीपर्यंत ददात नाही!" हेडक्लार्क त्याला रागावले, पण त्या रागात म्हणावा तसा जीव नव्हता. बायको खांद्यावर मोजपट्टी टाकून ऐकत होती. दोन पाकिटं समोर ठेवल्यावर तिने ती हाताने चाचपून पाहिली. "बरं आहे," एवढंच म्हणाली. खोली वाचली होती. महिन्याचा शेवटचा दिवस उद्याचा.

बुधवारी स्वच्छ प्रत आली, निर्दोष, टंकलिखित. पण ती वर जाण्याआधी कापडवाला हेडक्लार्कांजवळ आला. तीन दिवसांच्या मोर्चाने त्याचा आवाज बसला होता आणि डोळे भरून आले होते. त्याने हेडक्लार्कांच्या खांद्यावर हात टाकला.

"साहेब, तीन दिवस उन्हात उभे राहिलात आमच्यासाठी. आमचं दुःख तुमच्या चालीत उतरलं. आता पाकीट देऊन तुमचा अपमान करणार नाही. तुम्ही आता परके राहिलात का? तुम्ही तर आपलेच!"

हेडक्लार्कांनी अकॉर्डियन खाली ठेवलं आणि ते मागच्या जिन्याने वर गेले. या वेळी धावत नव्हते. खुर्चीत बसून त्यांनी आठ महिन्यांचे सगळे अर्ज पुढे ओढले आणि एकामागून एक मंजूर केले, एकही टिंब न तपासता. एका अर्जात 'तराजू'चं 'तारजू' झालं होतं, तोही गेला. फुकट वाजवायचं असेल तर निदान मोर्चा तरी संपलेला बरा. खाली जयजयकार झाला. दुकानदारांनी विजयाचं गाणं मागितलं, ते चौघांनी वाजवलं, आणि संघातर्फे त्यांना भिंतीवरचं एक घड्याळ देण्यात आलं.

घरी पोचले तेव्हा मागच्या खोलीचं दार उघडं होतं आणि आत दोन शिवणयंत्रं येऊन पडली होती.

"हे काय?" हेडक्लार्क म्हणाले. "दोन पाकिटं मिळाली ना? करार पाळलाय मी."

"माझ्या भावाने मघाशीच येऊन सांगितलं सगळं," बायको म्हणाली. "तो कापडवाला आज काय म्हणाला तुम्हाला?"

हेडक्लार्कांनी हातातलं घड्याळ शिवणयंत्रावर ठेवलं.

"'आपलेच' म्हणाला ना? म्हणजे पैसे दिले ते आपल्याच माणसाने. परक्याने नाही." तिने सुयांच्या डब्यातून करार काढून त्यांच्या हातात दिला. "लिहिलंय तेच मी वाचणार."

"अगं, पण दिले तेव्हा तो परकाच..." हेडक्लार्क बोलायला लागले आणि थांबले. याहून फालतू कारणासाठी त्यांनी आठ महिने लोकांचे तराजू अडवून ठेवले होते. त्यांनी करार उघडला. 'परक्या' या शब्दाभोवती लाल वर्तुळ होतं, त्यांच्याच पेन्सिलीचं. खाली बायकोच्या अक्षरात शेरा होता: 'त्रुटीची पूर्तता करून फेरसादर करावे.'

मूळ शेऱ्यात 'त्रुटींची' असतं. वरचा अनुस्वार राहिला होता. हेडक्लार्कांनी तो पाहिला, खिशातल्या पेन्सिलीकडे हात नेला, आणि तसाच परत आणला. मग ते ड्रम उचलायला मेहुण्याला हाक मारू लागले.